बंडीतले सहा हजार

यादीतला अकरावा मुद्दा बँडचा होता. बँड कुणी आणायचा आणि बँडवाल्यांना जेवू कुणी घालायचं, यावर अर्धा तास मोडला होता. शेवटी तडजोड झाली. तात्या पेनाचं टोपण दातात धरून ‘बँड वरपक्ष, जेवण वधूपक्ष’ असं लिहीत होते, तेवढ्यात मुलीचे वडील भगवानराव साळुंखे म्हणाले, “तात्यासाहेब, एवढं लिहीत बसण्यापरीस आजच उरकून टाकूया का?”

तात्यांचं पेन थांबलं आणि डावा हात आपोआप छातीवर गेला.

सोप्यात आमच्याकडची अकरा माणसं बसली होती. अकराही जणांनी तो हात पाहिला आणि अकराही जण निर्धास्त झाले.

त्या हाताखाली काय होतं ते आधी सांगायला हवं. तात्या म्हणजे माझे चुलते. मी सातवीत असताना माझे वडील गेले, तेव्हापासून तात्यांनी आणि काकूनंच मला वाढवलं. तात्यांनी एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं कॅशियरकी केली. रोज दुसऱ्याचे ढीगभर पैसे मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या पैशांचं एक वेगळंच भय बसतं, तसं त्यांना बसलं होतं. सदऱ्याच्या आत ते मांजरपाटाची बंडी घालायचे आणि त्या बंडीला आतून, बरोबर काळजावर, एक खिसा असायचा. खिशात मेणकापडात गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या शंभराच्या साठ नोटा. खिशाचं तोंड काकूनं टाके घालून बंद केलेलं. बंडी धुवायला टाकायची तर आधी टाके उसवायचे, पुडकं दुसऱ्या बंडीत सरकवायचं आणि पुन्हा टाके घालायचे. पुडकं सोडायचं मात्र कधीच नाही.

हे अडचणीचे पैसे. अख्ख्या गावाला ते ठाऊक होते, वापरलेले मात्र कुणी पाहिले नव्हते. कारण अडचण कशाला म्हणायचं याबद्दल तात्या फार कडक होते. जी येणार हे आधीच दिसत होतं ती अडचण नव्हे, ती हयगय. आणि जी आपण होऊन ओढवून घेतली ती अडचण नव्हे, ती हौस. या दोन चाळण्यांतून खाली काही पडतच नसे. परसातली भिंत कोसळली तेव्हा तात्या म्हणाले, भिंत पाच वर्षं वाकलेली होती, हयगय. मिक्सर जळाला, पाटा घरात असताना मिक्सर कुणी आणला होता? हौस. काकूची दाढ ठणकायला लागली तेव्हा त्यांनी पुष्कळ विचार केला आणि निकाल दिला की ज्याला दाढा आहेत त्याला ठणका येणारच. काकूनं पंधरा दिवस लवंगेवर काढले.

त्या रविवारी याद्या करायला निघताना मी भीतभीत विचारलं होतं, जवळ थोडे पैसे घ्यावेत का. तात्या म्हणाले, “याद्या करायला पैसे कशाला? पेन लागतं.” आणि दोन पेनं घेतली. बाकीच्या मंडळींनीही मग खिसे घरीच ठेवले. वेळ आलीच तर बंडी बरोबर होतीच.

भगवानरावांचंही चुकत नव्हतं. विट्याच्या बाजूची ही गलाईवाली माणसं. सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचा धंदा. घरं गावात आणि दुकानं साऱ्या मुलखात. भगवानरावांचं दुकान तमिळनाडूत सेलमला, धाकट्या भावाचं कोइमतूरला, मेहुण्यांचं रायपूरला. गावच्या यात्रेला चार दिवस सगळी येतात, देवाचा नैवेद्य होतो आणि पाचव्या दिवशी घराघराला पुन्हा कुलपं लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मिरजेहून गाडी होती. ही सगळी माणसं पुन्हा एका जागी यायची ती पुढच्या चैत्रात. आणि तोवर साताऱ्याचा एक इंजिनिअर मुलीला मागणी घालून बसलेला होता. हे भगवानरावांनी सांगितलं नाही. त्यांच्या बहिणीनं, आक्कांनी, सांगितलं. पोह्यांच्या बशा उचलता उचलता, अगदी सहज.

आणि मला तर रत्नमालाच हवी होती. तिच्याआधी मी सोळा मुली पाहिल्या होत्या, किंवा सोळा घरांनी मला पाहिलं होतं म्हणा. साखर कारखान्यात अकौंट खात्याला कारकून होतो. पगार किती, हे सगळ्यांनी विचारलं. ती आणि तिची आई यंदा यात्रेच्या महिनाभर आधीच गावी आल्या होत्या. पाहण्याच्या दिवशी रत्नमालाला कुणीतरी म्हणालं, तुला काही विचारायचं असलं तर विचार. तिनं मान वर केली आणि विचारलं, “हातात किती येतो?” कपाती वजा जाता हातात किती, हे विचारणारी ती पहिलीच. मी खरा आकडा सांगितला. तिनं मनात काहीतरी वजाबाकी केली आणि मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी तीन आठवडे जगत होतो.

भगवानरावांनी बेत मांडला. यात्रेचा आचारी घरात होताच, भटजी मागच्याच आळीत, नवऱ्या मुलाचा पोशाख त्यांच्याकडून, मुहूर्त गोरज. आमच्याकडून फक्त मंगळसूत्र, शालू आणि जोडवी. विट्यात दुकानं उघडी आहेत, जीपगाडी दारात आहे. मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले की मंगळसूत्राची गडबड होणार असेल तर घरात सोन्याला तोटा नाही, एक घडवलेलं कपाटात पडून आहे.

“मंगळसूत्र वराकडचंच असतंय, साळुंखे,” तात्या म्हणाले. “आमचं आम्ही बघतो.”

हे वाक्य चारचौघांत तोंडातून गेलं आणि परतीची वाट बंद झाली. तात्या एकदा असं बोलले की ते शब्द डेपोच्या तिजोरीत पडल्यासारखे. दोन किल्ल्या आणि तीन सह्यांशिवाय परत निघत नसत.

आमच्यासमोर खासगी बोलायचं झालं की त्या घरातल्या बायका तमिळमध्ये बोलायच्या. आक्का आणि रत्नमालाची आई माजघराच्या दारात भराभर काहीतरी बोलल्या. त्यातले ‘तात्या’ आणि ‘बंडी’ एवढे दोनच शब्द मला कळले. म्हणजे बंडीची कीर्ती सेलमपर्यंत पोचली होती. इकडे सोप्याच्या कोपऱ्यात आमच्या मंडळींनी खिसे चाचपले. निघाले तीनशे चाळीस रुपये, त्यातले दीडशे ड्रायव्हरचे.

“आम्ही जरा आत जाऊन ठरवतो,” असं सांगून तात्या, काकू आणि मी धान्याच्या खोलीत गेलो आणि दार लोटलं.

पोत्यावर बसल्याबसल्या तात्यांनी निकाल सांगून टाकला. लग्न ही अडचण होऊ शकत नाही. मी म्हणालो की आज सकाळपर्यंत आज लग्न आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा ही हयगय म्हणता येणार नाही. तात्यांनी ते मान्य केलं. पण हौस म्हणता येईल, मुलगी तूच पसंत केलीस, असं म्हणाले. मी म्हणालो, मुलगी मी पसंत केली हे खरं, पण माझं वय तिसाला टेकलं ते काही मी हौसेनं टेकवलेलं नाही. हा मुद्दा त्यांना लागला. मग त्यांचा हात सदऱ्याच्या वरच्या बटणाशी गेला.

तेवढ्यात काकू म्हणाली, “त्यांचं बरोबर हाय, बजरंगा. लग्न म्हंजे काय अडचण हाय व्हय? ते पैसं दुखण्याखुपण्याचं. ऱ्हाऊ द्यात.”

मी काकूकडे पाहतच राहिलो. हे लग्न व्हावं म्हणून जिनं सोळा घरांचे उंबरे झिजवले होते, निघताना मारुतीला नारळ फोडून जिनं सूनच घेऊन येते असं सांगितलं होतं, ती ही काकू. शिवाय ‘त्यांचं बरोबर हाय’ हे शब्द तिच्या तोंडून चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच निघाले होते.

तात्यांनीही तिच्याकडे पाहिलं. पहिल्याच मोजणीत कॅश जुळली की कॅशियरला समाधान वाटत नाही, संशय येतो. तसा त्यांना आला.

“कातर आण,” ते म्हणाले.

काकू म्हणाली, परक्या घरात कातर कुठं मागायची, लोक काय म्हणतील. तात्यांनी भिंतीच्या फटीत खोचलेलं पोती शिवायचं दाभण उपसलं, सदरा उघडला आणि स्वतःच एकेक टाका उसवला. पुडकं मांडीवर घेतलं. सुतळीची गाठ दातानं सोडली. मेणकापड उलगडलं.

आत गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. शंभराच्या नोटेच्या मापाचे, अगदी कातरीनं सुबक कापलेले साठ तुकडे. सगळ्यात वरच्या तुकड्यावर संकष्टी चतुर्थी आणि चंद्रोदयाची वेळ.

तात्यांनी सवयीनं बोटाला थुंकी लावली होती. ते बोट तसंच हवेत राहिलं.

मग काकूनं सांगितलं. माघात तात्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. आत नेताना त्यांनी बंडी काढून तिच्या हातात दिली होती आणि मी गेलो तरी चालेल पण हे उसवू नको, असं बजावलं होतं. ते गेले नाहीत, पण दवाखान्याचं बिल आलं अठ्ठावन्नशे. काकूनं व्हरांड्यात बसून टाके उसवले, बिल भरलं, आणि तात्यांना सांगितलं की तुमच्या तीस वर्षांच्या चोख नोकरीकडं बघून एस.टी.नंच सगळं भरलं. तात्यांना ते खरं वाटलं, कारण ते कौतुक होतं. त्यांनी डेपो मॅनेजरला दोन पानी आभाराचं पत्रसुद्धा धाडलं. मॅनेजरला काही अर्थबोध झाला नाही, पण डेपोला आभाराचं पत्र आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून नोटीस बोर्डावर लावलं.

“म्हंजे दोन महिनं मी कॅलेंडर घालून हिंडतोय,” तात्या म्हणाले.

“आणि हिंडला की बिनघोर. सांगितलं असतं तर टाकं वाळायच्या आत पुन्हा आजारी पडला असता.”

तात्या मुळात प्रामाणिक माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “झोप लागत हुती, हे खरं.”

“मी तरी काय करणार हुते?” काकू म्हणाली. “बजरंगाला बी इचारलं हुतं दवाखान्यात, तीन हजार जमतील का म्हणून. पर त्याच्याकडं तरी कुठनं असणार? महिनाअखेर हुती बिचाऱ्याची.”

आता इथं मला एक सांगायला हवं, जे मी एवढा वेळ सांगितलेलं नाही. काकूनं विचारलं तेव्हा महिनाअखेर नव्हती. सतरा तारीख होती. आणि माझ्याकडे साडेतीन हजार रुपये होते. पँटच्या कमरपट्टीत आतल्या बाजूला मी एक चोरखिसा शिवून घेतला होता, त्यात. माझ्या अडचणीचे. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात मी मनातल्या मनात तात्यांचीच चाळणी लावली होती: साठी उलटलेल्या माणसाला हर्निया होणार, हे दिसत होतं; शिवाय बंडीत सहा हजार आहेत; मग माझे कशाला? बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नव्हती. म्हणून तर मी ‘महिनाअखेर आहे, काकू’ असं शांतपणे म्हणू शकलो होतो.

तात्यांना मी चिकट म्हणतो, चारचौघांत त्यांची नक्कल करतो, आणि त्या क्षणी धान्याच्या खोलीत, माघानंतर एकीची भर पडलेल्या, पाचशेच्या आठ नोटा माझ्या कमरेला टोचत होत्या.

आता त्या काढल्या तर मला रत्नमाला मिळणार होती आणि काकूला सगळं कळणार होतं. नाही काढल्या तर काकूला काहीच कळणार नव्हतं आणि साताऱ्याच्या इंजिनिअरला रत्नमाला मिळणार होती. मी दोन्ही बाजू मांडल्या. एकदा नाही, दोनदा.

दारावर थाप पडली. भगवानरावांचा कोइमतूरचा भाऊ पाचसहा जण घेऊन आला होता. “नवरदेव बाहेर द्या, हळद लावायचीय,” तो म्हणाला. “बजरंगाचं लग्न, आणि ते बी तीन तासांत. पुराणात बी असं झालं नसंल.” मागचे सगळे हसले.

हळद म्हणजे काय ते मला माहीत होतं. अंगावर एका चड्डीशिवाय काही ठेवत नाहीत आणि उतरवलेले कपडे नवरीकडच्या मंडळींच्या हातात जातात. तिथं खिसे चाचपणं हा मानाचा भाग असतो. ती थाप पडली नसती तर मी बोललो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी पाठ फिरवली, कमरेत हात घातला आणि आठ नोटा काकूच्या मांडीवर ठेवल्या.

काकूनं नोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“कधीपासनं हाईत?”

गेल्या महिन्यापासून, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“दिवाळीपासनं,” मी म्हणालो.

“दिवाळीपासनं,” काकू म्हणाली.

बस, एवढंच. तिनं मला लहानपणापासून पुष्कळ बोलून घेतलं होतं, एकदोनदा लाटण्यानंही समजावलं होतं. त्यातलं काही लक्षात राहिलेलं नाही. हा एक शब्द मात्र मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतो.

तात्यांनी एवढ्यात हात न लावता लांबूनच नोटा मोजल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मघापासून गेलेला रंग परत आला. “चार हजार,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं मी बी.कॉम. झालो तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. “पोरगं माझ्यावर गेलंय.”

“त्याचंच भ्या वाटतंय मला,” काकू म्हणाली.

पुढची व्यवस्था तात्यांनीच केली. कॅलेंडरचे तुकडे ज्वारीच्या पोत्यामागं सारले, माझ्या नोटा मेणकापडात ठेवल्या, सुतळी बांधली, पुडकं उसवलेल्या खिशात घातलं आणि सदऱ्याची बटणं उघडी ठेवूनच ते सोप्यात गेले. सगळ्यांसमोर पुडकं बाहेर काढलं, सावकाश सोडलं आणि नोटा काकूच्या हातात देता देता माणसानं अडचणीला जवळ पैसे का बाळगावेत, यावर दहा मिनिटं बोलले. भगवानराव इतके गहिवरले की त्यांनी आपल्या भावाला तिथंच ऐकवलं, शिका जरा. आक्का मात्र नोटांकडे पाहून तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि माजघरातल्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी तेव्हा अंगणात पाटावर बसलो होतो, नाकाकानात हळद गेलेली, त्यामुळे कुणाला विचारता आलं नाही.

काकू आणि आक्का जीपगाडीनं विट्याला जाऊन तासाभरात परत आल्या. दोन लहानशा वाट्यांचं मंगळसूत्र, मोरपिशी शालू, जोडवी, हार. गोरज मुहूर्तावर माझं लग्न लागलं. त्यांनी दिलेला सफारी मला खांद्यात आवळत होता आणि अंतरपाटाच्या वरून तिच्या कपाळावरची मुंडावळी तेवढी दिसत होती. पाया पडायला वाकलो तेव्हा काकूनं रत्नमालेच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. माझ्या डोक्यावर तो टेकला न टेकला आणि पुढं गेला.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नमाला परसात कपडे वाळत घालत होती. खर्चाचा आकडा एव्हाना मला कळला होता: तेहतीसशे. म्हणजे सातशे उरायला हवे होते. दोन दिवस मी वाट पाहिली. काकू माझ्याशी बोलत होती, ताटात वाढत होती, पण सातशेंबद्दल चकार शब्द काढत नव्हती, आणि मी तिला विचारावं अशी माझी छाती नव्हती.

मी बादलीशेजारी जाऊन उभा राहिलो. इकडचं तिकडचं बोललो. आक्का त्या दिवशी काय म्हणाल्या होत्या, तेही विचारून घेतलं.

“आत्या म्हणली, छातीवरच्या नोटा सपाट असत्यात. ह्या कमरंच्या घेरागत वाकलेल्या हाईत,” ती म्हणाली. मग पाण्याकडे बघत हसली. “आमच्यात धातूबरोबर माणूस बी पारखायला शिकवत्यात.”

मी मुद्द्यावर आलो आणि म्हटलं, काकूकडे सातशे उरले असतील.

“माझ्याकडं दिल्यात.”

“कुठं ठेवलेस?”

तिनं माझी पँट पिळली. पाणी पूर्ण निघेपर्यंत पिळली.

“कशाला पाहिजेत?”

मी मनापासून विचार केला. तिला सांगण्यासारखं एकही कारण सापडलं नाही.

“सहज विचारलं,” मी म्हणालो.

“सहज काढायचं पैसं नव्हंत ते,” ती म्हणाली, आणि पँट झटकून दोरीवर टाकली.